तिसऱ्या वाटीतलं दही

शेळ्यांच्या गोठ्यापुढे सकाळपासून रांग लागली होती. रांगेच्या तोंडाशी स्टुलावर दूधबाबा बसलेला आणि त्याच्यासमोर काचेच्या बरणीत परवाचं दूध. ऐन उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेलं, तरी ना नासलेलं, ना आंबलेलं. माणसं पुढे येत, बरणीचा वास घेत आणि थक्क होऊन मागे सरत.

"दूध का नासतं?" बाबा विचारायचा आणि उत्तरही तोच द्यायचा. "माणसाच्या मनातलं पाप त्यात उतरतं म्हणून. माझ्या शेळ्यांना पाप ठाऊक नाही." शेळ्यांना पाप ठाऊक नव्हतं हे खरंच, समोरच्या भाजीवाल्याच्या टोपल्या त्या अगदी निष्पाप मनाने फस्त करत. बाबा पूर्वी जनावरांच्या दवाखान्यात औषधं वाटायचा, हेही सगळ्यांना माहीत होतं. पण भक्ताला नको ते आठवत नाही.

अडचण अशी की दुधाने गुण यायचा. कुणाची गळवं सुकली, कुणाच्या पोराचा ताप उतरला. मी शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या घरात मी त्या दुधाचा थेंब येऊ दिला नाही. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाईंनी मात्र रतीबच लावला. मी नाक मुरडलं की त्या म्हणायच्या, चार बुकं शिकलीस म्हणून देवाला शिकवू नकोस.

त्या दुधाचं दही लागत नसे. जाऊबाईंना त्याचंही कौतुक. पण असलं दूध फेकवणार कसं, म्हणून त्या ते रोजच्या दुधात थोडं थोडं मिसळून विरजण लावत राहिल्या. सुरुवातीला नुसतं पाणचट व्हायचं. मग हळूहळू धरू लागलं, आणि काही महिन्यांत कवडीदार दही लागायला लागलं. बाबा म्हणाला, तुमची भक्ती दुधाला पावली. विरजणाला कुणी नाही म्हणत नाही. जाऊबाईंच्या वाटीतून ते गल्लीभर गेलं आणि माझ्याकडेही आलं. माझ्या मुलीला तर दह्याशिवाय घास उतरत नसे.

मुलगी आठ वर्षांची होती. लघवीला जळजळ होते म्हणून सुरुवात झाली, मग थंडी वाजून ताप आला. एरवी साध्या गोळ्यांनी बरं होणारं दुखणं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, ते लागू पडलं नाही. दुसरं दिलं, तेही नाही. तिसरं मागवून येईपर्यंत जंतू रक्तात गेले होते. ती गेली.

मला रडू आलं नाही. सोमवारी शाळेत गेले, फळ्यावर तारीख लिहिली, हजेरी घेतली. लोक बोलायचे ते कानावर पडायचं, आत जायचं नाही. आजही फारसं जात नाही.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. त्यांना एक गोष्ट उलगडत नव्हती. पोरीला आधी कधी फारसं औषध दिलेलं नव्हतं, मग तिच्यातले जंतू इतके निर्ढावलेले कसे? जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाबाचं दूध पाजलं असतं तर वाचली असती." डॉक्टरीणबाईंनी दुधाची चौकशी केली. आता त्याचं दही लागतं, हे ऐकल्यावर त्यांनी जाऊबाईंकडून थोडं दूध आणि विरजण मागून घेतलं.

पुढच्या रविवारी शाळेच्या सभागृहात त्यांनी सगळ्यांना बोलावलं. टेबलावर तीन वाट्या होत्या, आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमक्ष विरजण लावून कपाटात बंद केलेल्या. पहिलीत साधं दूध, उरलेल्या दोन्हींत बाबाचं. पहिल्या दोन वाट्यांना परगावाहून आणलेलं विरजण, तिसरीला आमच्या गल्लीतलं.

पहिलीत दही लागलं होतं. दुसरीत दूध जसंच्या तसं. "ह्यात पुण्य नाही, औषध आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जनावरांना देतात ते, जंतू मारणारं. दूध तपासून घेतलंय. दही लावणारेही जंतूच, ते ह्यात मरतात. म्हणून दही लागत नाही, दूध नासत नाही आणि तुमची गळवंही सुकतात." लोकांत हशा पिकला. बाबाला शोधलं तर तो मागच्या दाराने कधीच सटकला होता, निष्पाप शेळ्यांना मागे ठेवून.

मग त्यांनी तिसरी वाटी आडवी केली. आतलं दही हललंसुद्धा नाही. आमच्या गल्लीतले जंतू औषध पचवायला शिकले होते.

"पण आमची पोर तर ते दूध प्यायलीच नव्हती," जाऊबाई म्हणाल्या.

"जंतूंचं तसं नसतं. थोड्या औषधात जे तगतात, त्यांच्याकडे वाचायची युक्ती असते. ती ते नुसती पुढच्या पिढीला देत नाहीत, शेजारच्या परक्या जंतूलाही देतात. निरुपद्रवी जंतू घातक जंतूला देतो. तुम्ही वाटीभर विरजण देता ना, तसंच. दही वाईट नाही, औषध असं सांडणं वाईट. ते दुधात होतं, लेंड्यांत होतं, गटारात होतं. पोरीपर्यंत ही युक्ती नेमकी कुठल्या वाटेने पोचली, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

ह्यानंतर बाबा परत दिसला नाही. शेळ्या भाजीवाल्याने पाळल्या.

पावसाळ्यात एका दुपारी जाऊबाई वर आल्या. त्यांच्या धाकट्याला सर्दी झाली होती, घसा धरला होता. "तिच्या गोळ्या उरल्या असतील ना? दोन दे, तेवढ्याने भागेल."

गोळ्या कपाटात होत्या. मला त्या टाकवल्या नव्हत्या. मी त्या बाहेर काढल्या आणि हातातच ठेवल्या.

"नाही, ताई. साध्या सर्दीवर ह्यांचा उपयोग नसतो, नुसते जंतू शिकतात. डॉक्टरांना दाखवू. त्यांनी सांगितल्या तरच घ्यायच्या, आणि सांगतील तशाच घ्यायच्या."

जाऊबाई दारातच खाली बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी दिलेल्या विरजणानेच का गं?"

त्यांना काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. माझ्याकडे तसलं काही उरलं नव्हतं.

"ठाऊक नाही, ताई," मी म्हणाले. "पण ह्यापुढे असं काही घेण्या-देण्याआधीच विचारत जाऊ या."