आठही साचे भांड्यात असताना

कुणी गोड बोलून हातात कागद दिला की मी आधी त्याची मागची बाजू बघतो. बायको म्हणते, तुम्ही जन्माचे संशयी. मी म्हणतो, सावध. जावईबापूंनी त्या सोमवारी सकाळी आम्हा तिघांना चिठ्ठ्यांचे गठ्ठे वाटले, तेव्हाही मी एक चिठ्ठी उलटून पाहिली. मागे काहीच नव्हतं. त्याने तर संशय वाढलाच.

जावईबापू म्हणजे आमच्या मालकीणबाईंचे जावई. हे नाव अर्थात पाठीमागचं, तोंडावर ‘साहेब’. आमचा कारखाना दातांच्या कवळ्यांचा. दंतवैद्य म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या हिरड्यांचे ठसे पाठवतात, आम्ही त्यावर कवळ्या करून परत पाठवतो. कारखाना म्हटलं म्हणून मोठं काही समजू नका. दोन खोल्या, एक नळ आणि तीन माणसं. मालकीणबाईंनी तो बावीस वर्षं नुसत्या नजरेच्या धाकाने चालवला. आता त्यांचे गुडघे धरले, म्हणून मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून जावई येऊन बसले होते. कामाच्या वेळेचं नियोजन हा त्यांचा विषय. म्हणजे स्वतः दात घासण्यापलीकडे त्यांनी दाताला हात लावला नव्हता, पण दुसऱ्याला एका दातामागे किती मिनिटं लागतात, ते त्यांना हवं होतं.

चिठ्ठीवर सकाळी आठ ते संध्याकाळी पाचपर्यंत पाव-पाव तासाच्या चौकटी होत्या. “त्या वेळात काय केलंत ते एका ओळीत लिहायचं,” जावईबापू म्हणाले. “बाकी काही नाही. फक्त खरं लिहा.”

‘खरं लिहा’ असं मुद्दाम सांगणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतंच.

“कशासाठी, साहेब?” मी विचारलं.

“आत्ता नाही सांगत. महिनाभर लिहा, मग बसून बोलू.”

झालं. मला उरलेलं कुणी सांगायची गरज नव्हती. तिघांतलं एक माणूस कमी करायचं आहे आणि कोणाला, ते आमच्याच हाताने लिहून घ्यायचं आहे. पाणी इथेच मुरत होतं.

माझी स्वतःची काळजी मला नव्हती. मी पहिल्या दिवसापासूनचा माणूस. प्लास्टरचं काम, साचे भरणं, सगळं माझ्याकडे. काळजी होती ती मेहुण्याची. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. आधीचं काम सुटल्यावर दोन वर्षं आमच्याच घरी होता. दिवसभर खिडकीत बसायचा आणि कुणी हाक मारली की दचकायचा. त्याला मीच मालकीणबाईंच्या हातापाया पडून इथे घासकामाला लावलं. कवळीचे काठ कानशीने घासायचे आणि फिरत्या चाकावर चकाकी आणायची, हे काम तो मन लावून करायचा. वर्षभरात माणसात आला, स्वतःची खोली घेतली. पण तिघांत नवा तोच, म्हणजे कुऱ्हाड त्याच्यावरच पडणार. चिठ्ठ्यांचं ऐकून बायको एवढंच म्हणाली, “काहीही करा, पण तो परत त्या खिडकीत बसता कामा नये.”

तिसरं माणूस म्हणजे मेणाच्या बाई. मेणाची हिरडी करून तिच्यात एकेक दात लावायचा, हे त्यांचं काम. पंधरा वर्षं त्या ते करत होत्या. कमी बोलायच्या, आणि कमी बोलणाऱ्यांचं मला कधीच नीट कळत नाही.

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. मेणाची कवळी प्लास्टरसकट लोखंडी साच्यात बंद करायची, मेण वितळवून काढायचं, त्या जागी गुलाबी लगदा दाबायचा आणि साचा उकळत्या पाण्यात दीड तास ठेवायचा. आमच्याकडे उकळायचं भांडं एक आणि साचे आठ. सकाळी अकराच्या सुमाराला आठही साचे भांड्यात जायचे. ते बाहेर येईपर्यंत मला भरायला साचा नाही, बाईंनी मेण लावलेली कवळी ठेवायला साचा नाही आणि मेहुण्याला घासायला कवळी नाही. मग आम्ही तिघं भांड्याशेजारच्या बाकावर बसायचो. दुपारी पुन्हा तसंच. म्हणजे दिवसाचे तीन तास तिघंही हातावर हात ठेवून.

बावीस वर्षांत मला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण चौकटीत लिहायला घेतलं आणि घाम फुटला. अकरा ते साडेबारा काय लिहायचं? बसलो?

मी लिहिलं, ‘साचे पुसले.’ दुपारच्या दीड तासाला लिहिलं, ‘साचे तपासले, पुसले.’ मेहुण्याला बाजूला घेऊन सांगितलं, “एकही चौकट रिकामी ठेवायची नाही. बसलो, थांबलो, असले शब्द तर नकोच. काठ घासले, चाक साफ केलं, असं लिहायचं.”

“पण दाजी, आपण तर बसतो.”

“बसतो ते आपल्याला माहीत आहे. ते तर त्या वेळी दंतवैद्यांकडे फिरतीवर असतात, त्यांना कशाला कळायला हवं?”

तो कुरकुरला, पण लिहू लागला. माझा शब्द त्याने आजवर मोडला नव्हता. आठवडाभरात आमच्या चिठ्ठ्या अशा गच्च भरल्या की त्या वाचून कुणालाही वाटावं, अख्ख्या जगाच्या तोंडात आम्हीच दात घालतो आहोत.

बाई मात्र चिठ्ठी लिहून सगळ्यांच्या आधी टेबलावर ठेवायच्या. एका संध्याकाळी त्या हात धुवायला गेल्या, तेव्हा मी ती उचलून पाहिली. सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘११ ते १२.३० – भांड्यापाशी थांबले. २.३० ते ४ – भांड्यापाशी थांबले.’

शहाणं माणूस स्वतःच्या हाताने लिहून देईल का, की मी रोज तीन तास बसून असते? कोण लिहील? ज्याला धक्का लागणार नाही असं आधीच सांगून ठेवलेलं आहे, तोच. शिवाय, त्या बसल्या म्हणजे शेजारी बसलेले आम्हीही बसलो, हे न बोलता सांगता येतं. मला सगळं लख्ख दिसलं. बाई आतल्या गोटातल्या होत्या.

तिथून पुढे मी डोळ्यांत तेल घालून पाहू लागलो. जावईबापू बाईंच्या टेबलापाशी किती वेळ उभे राहतात, काय विचारतात. एकदा त्या दोघांना हसताना पाहिलं आणि दिवसभर माझं लक्ष कामात लागलं नाही. बाकावर बसल्यावर मी बाईंशी हवापाण्यापलीकडे बोलेनासा झालो.

“मिस्त्री, बरं नाही का?” त्यांनी एकदा विचारलं.

“मला काय धाड भरली आहे?” मी म्हणालो.

तिसऱ्या आठवड्यात जावईबापूंनी मला आत बोलावलं. समोर आमच्या चिठ्ठ्या पसरलेल्या. “मिस्त्री, भांड्यापाशी वेळ जातो का हो तुमचा?” अगदी सहज विचारल्यासारखं.

मी ताकास तूर लागू दिली नाही. “एक मिनिट नाही, साहेब. आम्ही दोघं हाताला लागेल ते काम ओढतो.”

“मग बाईंच्या चिठ्ठीत...”

“आता कुणाबद्दल कशाला बोलू?” मी म्हणालो आणि बोललो. “बसतात त्या. वय झालं, मेण काय, बसूनच लावायचं असतं. सवय लागते माणसाला.”

जावईबापूंचा चेहरा उतरला. मला त्याचा आनंद झाला, कारण मला वाटलं, त्यांचा डाव मी उधळला.

चौथ्या आठवड्याच्या शनिवारी दुपारी आम्हाला बोलावणं आलं. मालकीणबाई काठी टेकत आल्या होत्या. आम्ही तिघं ओळीने उभे राहिलो. जावईबापूंनी चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे टेबलावर ठेवले आणि थेट सांगून टाकलं.

“मला आल्या दिवसापासून वाटत होतं, की आपलं घोडं भांड्यापाशी अडतं. दुसरं भांडं आणि आणखी आठ साचे घेतले, तर हीच तीन माणसं दीडपट काम काढतील. आईंना ते पटेना. म्हणाल्या, पुरावा आण. म्हणून या चिठ्ठ्या. आधी सांगितलं असतं, तर तुम्ही भांड्याच्या लालचीने नुसतं थांबलो-थांबलो लिहिलं असतं, म्हणून बोललो नाही.”

म्हणजे ते आमच्यावर संशय घेत होते आणि मी त्यांच्यावर. माझे कान गरम झाले.

“आणि पुरावा काय आला?” मालकीणबाई म्हणाल्या. “दोन माणसं दिवसातलं एक मिनिट थांबत नाहीत. तिसरी रोज तीन तास थांबते. मग भांडं कमी नाही, माणूस जास्त आहे. मेणाचं काम मिस्त्री शिकून घेतील. बाई, तुम्ही या महिनाअखेरपर्यंत या.”

खोटं का बोलू, आधी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मेहुणा वाचला होता. मग मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी पदराने बोटांचं मेण पुसलं आणि माझ्या गठ्ठ्यातली वरची चिठ्ठी उचलून वाचली.

“अकरा ते साडेबारा, साचे पुसले,” त्या म्हणाल्या. “मिस्त्री, त्या वेळी आठही साचे भांड्यात उकळत असतात.”

मालकीणबाईंना त्यातलं काही कळलं नाही, त्यांनी कारखाना वरवरच पाहिला होता. जावईबापूंना मात्र काहीतरी चमकलं. ते पुढे वाकले. “मिस्त्री, नीट आठवून सांगा. यात कुणाला शिक्षा नाही. तुम्ही भांड्यापाशी थांबत होता का?”

शेजारी मेहुणा उभा होता. त्याच्या चिठ्ठ्यांतही चोवीस दिवसांचं खोटं होतं आणि ते माझ्याच सांगण्यावरून होतं. ‘कुणाला शिक्षा नाही’ हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा ऐकलं आहे, आणि ते ऐकल्यावर शिक्षा झालेली माणसंही पाहिली आहेत.

“फडताळात जुने साचे आहेत,” मी म्हणालो. “ते पुसत होतो.”

फडताळात दोन मोडके साचे होते. तेही बावीस वर्षांत कुणी बाहेर काढले नव्हते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, चिठ्ठी होती तशी गठ्ठ्यावर ठेवली आणि त्या कामाला निघून गेल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी त्यांच्या टेबलासमोरून जाताना मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी आणखी ताठ मानेने गेलो.

रविवारी मेहुणा जेवायला आला. बायकोने त्याला आग्रह करकरून वाढलं. “तुझ्या दाजींनी सांभाळलं हो तुला,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने ताटातलं इकडचं तिकडे केलं आणि हात धुतला.

दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “दाजी, कानस कशी धरायची ते मला बाईंनी शिकवलं. त्याच बाकावर. तुम्ही तेव्हा डुलक्या घेत होता.”

“मग? त्यांच्यापायी तू घरी बसणार होतास का? मी हे कुणासाठी केलं?”

“मी कुठे मागितलं होतं?”

“परत खिडकीत बसशील तेव्हा कळेल,” मी म्हणालो. हे बोलायला नको होतं. त्याने चपला घातल्या आणि वळून न बघता तो गेला.

आम्ही रोज कोपऱ्यावर भेटून बरोबर कामाला जायचो. सोमवारी मी दहा मिनिटं थांबलो, तो आला नाही. मी एकटाच गेलो. कारखान्याचं दार उघडंच होतं. आत जावईबापूंच्या टेबलासमोर मेहुणा खुर्चीवर बसला होता. बाई बाजूला उभ्या होत्या. टेबलावर फडताळातले ते दोन मोडके साचे होते आणि त्यांच्यावर बोटभर धूळ जशीच्या तशी होती. मी आत पाऊल टाकलं तशी तिघंही बोलायची थांबली.

“या, मिस्त्री,” जावईबापू म्हणाले. “हे सांगताहेत की तुम्ही तिघंही रोज तीन तास बसत होता. स्वतःचंही नाव घालून लिहून दिलंय त्यांनी. म्हणताहेत, कुणाला काढायचंच असेल तर मला काढा. खरं आहे का हे?”

मेहुण्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बावरला नव्हता, दचकलाही नव्हता. त्या पोराला इतकं शांत बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं, हो, खरं आहे. दोन शब्द. बाई वाट बघत होत्या, तो वाट बघत होता.

आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो, कारण माझ्या मनात पहिल्यांदा एवढंच आलं होतं, की याला यांनी काय द्यायचं कबूल केलं असेल?