शेजारच्या सीटचा बेल्ट

शनिवारी दुपारी लुंबिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तेव्हा खाली बाबांची गाडी उभी असलेली तिला दिसली. येताना ऐकू आली नव्हती. ती हायब्रीड गाडी सावकाश चालवली की नुसत्या बॅटरीवर चालायची, आणि मग दारात येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नसे.

तिचे बाबा, लिंबाजी, उतरले. वळसा घालून डाव्या बाजूला गेले, दार उघडलं, आत वाकून रिकाम्या सीटचा बेल्ट सोडवला आणि दार धरून उभे राहिले. कुणाला तरी उतरायला लागावा तेवढा वेळ. मग दार हलकेच लोटलं.

लुंबिनीच्या हातातून ओला टॉवेल निसटून खाली पडला. आई जाऊन वर्ष होत आलं होतं.

लिंबाजी सोनकांबळे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. लातूरला एकटेच राहायचे आणि शनिवारी लेकीकडे नांदेडला यायचे. उभ्या हयातीत त्यांनी दाराला लिंबू-मिरची बांधू दिली नव्हती. वस्तीत कुणा बाईच्या अंगात आलं की ते तिला आधी दवाखान्यात न्यायचे. "मेलेलं माणूस परत येत न्हाई. परत येतं ते आपलंच मन," असं सांगायचे. त्याच घरात वाढलेली लुंबिनी आता कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होती. अशा माणसाला रिकाम्या सीटसाठी दार धरून उभं राहिलेलं तिनं आज पहिल्यांदाच पाहिलं.

जेवताना तिनं विचारलंच.

"बाबा, आईच्या सीटचा बेल्ट कशाला लावता?"

"घंटी वाजते," लिंबाजी भाकरी मोडत म्हणाले. "बसलेल्यानं बेल्ट न्हाई लावला की वाजते ना, तशी. लावला की गप होती."

"पण सीटवर कुणीच नसतं."

"न्हाईच. मला काय दिसत न्हाई का?"

"आणि दार धरून उभे राहता ते?"

लिंबाजी ताटातलं वरण उगीच कालवत राहिले.

अर्धांगाचा झटका आल्यावर लुंबिनीच्या आईचा, चांगुणाबाईंचा, एक हात लुळा पडला होता आणि मोठा आवाज त्यांना सहन होत नव्हता. म्हणून तर लिंबाजींनी बिनआवाजाची गाडी शोधून घेतली होती. तेव्हापासून बायकोचा बेल्ट तेच लावायचे, तेच सोडवायचे. आता गाडी म्हातारी झाली होती. समोर बॅटरीचा लाल दिवा लागायचा आणि घाटचढीला ती दम टाकायची. लुंबिनीनं मनाशी ठरवलं, ही विकायची. दुरुस्तीची गोष्टच काढायची नाही.

सोमवारी सकाळी गाडी वर्कशॉपला दाखवून आणते म्हणून ती एकटीच निघाली. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत सगळं शांत होतं. मोठ्या रस्त्याला लागली आणि घंटी सुरू झाली. टिंग, टिंग, टिंग. डाव्या सीटकडे बोट दाखवणारा दिवा लुकलुकू लागला. सीटवर काही नव्हतं. तिनं पर्ससुद्धा मागे ठेवली होती. कुठंतरी सेन्सर बिघडलाय, तिनं स्वतःला बजावलं. तरी घंटी थांबेना. शेवटी गाडी कडेला घेऊन तिनं तो बेल्ट ओढून लावला आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, "झालं हं, आई."

स्वतःचाच आवाज ऐकून ती कितीतरी वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिली.

वर्कशॉपचे केरबा गाडी तपासून म्हणाले, "मॅडम, सीटच्या आत वजन ओळखणारी पट्टी असते, ती ओल लागून खराब झालीय. बदलली की घंटी बंद. बॅटरीचं म्हणाल तर नवी टाकली की गाडी अजून पाच-सहा वर्षं पळंल. न्हाई तर एक्स्चेंजमध्ये देऊन टाका. तुम्ही म्हणाल तसं."

विकायचं ठरवून आलेली लुंबिनी तिथं अडखळली. मघाशी जिच्यात बसून आईशी बोलून गेली, ती गाडी विका म्हणायला जीभ रेटेना. तिनं घरी थांबलेल्या बाबांना फोन लावला.

"नीट करून घे," लिंबाजी लगेच म्हणाले. "बॅटरी बी, अन् ती घंटी बी. चुकीचं ते चुकीचंच. वाजू देऊन कसं चालंल?"

तिला हायसं वाटलं. बाबा पहिल्यासारखे बोलले होते.

गाडी दुरुस्त झाली आणि लिंबाजी लातूरला गेले. पुढच्या शनिवारी दुपार उलटून गेली तरी त्यांचा पत्ता नव्हता. फोन वाजत होता, पण कुणी उचलत नव्हतं. लुंबिनीचा जीव टांगणीला लागला. उन्हं कलल्यावर ते आले, दारातच बसले आणि पाणी मागितलं. ओठ सुकले होते.

"गाडी बंद पडली का?"

"न्हाई. नवी बॅटरी झकास चालायली." त्यांनी पेला खाली ठेवला. "लुंबे, गाडी विकून टाक."

"आता? सगळं नीट झाल्यावर?"

"घंटी होती तवा बरं होतं. वाजली की हात पुढं करायचा, बेल्ट लावायचा, काम संपलं. आता काहीच वाजत न्हाई. वाटेत लोहा गावाच्या अलीकडं गर्दीत गाडी हळू केली, इंजिन बंद झालं, अन् त्या शांततेत मला तिचा श्वास ऐकू आला. शेवटी शेवटी घ्यायची तसा, अडकत अडकत."

"बाबा..."

"मला ठाऊक हाय, तिथं कुणी न्हाई. पण मी गाडी बाजूला घेतली, काचा लावल्या, पंखा बंद केला अन् कान देऊन बसलो. दुपार कधी सरली कळलं न्हाई." त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "भ्या वाटलं असतं तर बरं झालं असतं. मला ते गोड वाटलं. तिथंच बसून ऱ्हावं वाटलं."

लुंबिनीनं त्यांचा हात धरला. "मी येते तुमच्यासोबत. आपण दोघं जाऊ-येऊ."

"त्या सीटवर तू बसशील. मग ऐकू येणार न्हाई," ते म्हणाले, आणि आपण काय बोलून गेलो हे उमगून त्यांनी खाली मान घातली.

पंधरवड्यात गिऱ्हाईक मिळालं. उदगीरचे एक शिक्षक बायकोला घेऊन आले. बाई डावीकडं बसल्या, पाय मावेनात म्हणून त्यांनी खालचा दांडा ओढून चांगुणाबाईंच्या मापाला लावलेली सीट सर्रकन मागं सरकवली. लिंबाजी तेवढ्यापुरते भिंतीकडं वळले. मग पुढं होऊन त्यांनी नव्या मालकाला बॅटरीची माहिती नीट समजावून सांगितली.

त्यानंतर त्यांनी एक जुनी डिझेल जीप घेतली. ती अशी खडखडायची, की आत बसलेल्या दोघांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागे. पहिल्यांदा ती घेऊन आले तेव्हा लुंबिनीनं जपून विचारलं, "आता बरं वाटतंय ना? काही ऐकू येत नाही ना?"

"न्हाई," लिंबाजी म्हणाले. "असल्या खडखडाटात चांगुणानं हिच्यात पाय ठेवला नसता."

चपला काढता काढता ते पुन्हा म्हणाले, "एक डाव बी ठेवला नसता." आणि आत गेले.