संत उर्बानबाबांची अब्रू

या, जरा पुढे सरकून बसा. चर्चमधलं प्रवचन सुरू व्हायला अजून अवकाश आहे. तोवर आमच्या माईन नदीकाठच्या बुर्कहार्टची गोष्ट सांगतो. ऐकून देवावरचा विश्वास वाढेल. बुर्कहार्टवरचा वाढेलच असं नाही.

त्याच्या तळघरात पिढ्यानपिढ्या वाइन मुरतेय. किल्ली ज्याच्या कमरेला, त्याचा शब्द शेवटचा. मुलगी ओटिली छाटणीपासून पिंपं धुण्यापर्यंत सगळं बघायची, पण एक बाटली भरायची झाली तरी किल्लीसाठी बापाच्या मागे फिरायची. किल्लीचं विचारलं की बुर्कहार्ट म्हणायचा, "उर्बानबाबांच्या दिवशी आभाळ मोकळं निघालं, की तुझी."

संत उर्बान आम्हा द्राक्षमळेवाल्यांचे रखवालदार. मे संपता संपता त्यांचा दिवस येतो. ऊन पडलं तर त्यांच्या लाकडी मूर्तीला वाइनचा अभिषेक. पाऊस आला तर घरधन्यानं त्यांना गावच्या हौदात बुचकळायचं. संत झाले म्हणून कामचुकारपणा आम्ही खपवून घेत नाही. मागची काही वर्षं पाऊसच आला, आणि बुर्कहार्टनं त्यांना इतक्या हसतमुखानं बुचकळलं, की धर्मगुरूंनाही नवल वाटलं.

यंदा मात्र लख्ख ऊन. त्यात हॅम्बुर्गचे पाहुणे जुनं तळघर बघायला आलेले. ते दाखवून अंगणात येताना बुर्कहार्ट रंगात आला होता.

"मी तिशीचा झालो आणि वडिलांनी किल्ली हातात ठेवली. मोठं मन लागतं त्याला."

"मग तुम्ही कधी देणार?" पाहुण्यांतल्या एका आजींनी विचारलं.

"आज," ओटिली म्हणाली. "वर बघा ना."

सगळ्यांनी वर बघितलं. बुर्कहार्टनं तळहात पुढे केला. "थेंब पडला."

"कुठं, बाबा?"

"इथं. म्हाताऱ्या कातडीला आधी कळतं."

आजी नवऱ्याच्या टकलाकडे वळल्या. "तुम्हाला लागला का हो? तुमच्याकडे तर जागा भरपूर आहे."

"नाही बुवा."

"एक थेंब पडला तरी पाऊसच," बुर्कहार्ट म्हणाला.

ओटिलीनं मूर्ती आणून त्याच्या हातात दिली. "बरं. मग रीत पाळा. बुचकळा यांना."

बुर्कहार्ट हौदाशी गेला, मूर्ती आडवी धरली. संताच्या चेहऱ्यावर ऊन पडलं होतं. बुर्कहार्टचे हात थरथरायला लागले.

"यांनी तर काम चोख केलंय गं," तो पुटपुटला.

"मी काय वेगळं केलं, बाबा?"

त्यानं मूर्ती कडेवर घेतली आणि कमरेची किल्ली सोडली. "तुझ्यासाठी देत नाहीये. यांच्या अब्रूसाठी देतोय."

"चालेल," म्हणत ओटिलीनं ती घेतली आणि अभिषेकाची वाइन काढायला तळघरात उतरली. कुठल्या पिंपातून, ते तिनं विचारलं नाही.

पोटच्या मुलीवर अन्याय करताना त्याचा हात कधी थरथरला नव्हता. लाकडाच्या संतापुढे थरथरला. असो, कुठंतरी थरथरला. उर्बानबाबांना सगळेच आठवतात. तुम्ही हात जोडाल तेव्हा आमच्या बुर्कहार्टचीही आठवण ठेवा.