वेदीवरची टोपली

रविवारची सकाळ. शिंपीणबाई लेकीच्या फ्रॉकला इस्त्री करत होती, पण जीव सगळा सासूबाईंच्या पिशवीत अडकलेला. पिशवीत लेकीचा दम्याचा पंप होता आणि आज तो चर्चच्या वेदीवर जायचा होता.

पाळकसाहेबांनी नवीच रीत काढली होती. औषध वेदीवरच्या टोपलीत टाकायचं आणि औषधाचे पैसे पाकिटात घालून अर्पण करायचे. घरात औषध ठेवणं म्हणजे देवावर शंका घेणं, असं ते सांगत. आधी दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, मग इमारतीची वर्गणी, आता हे. बोट दिलं की हात धरतात, दुसरं काय! चर्चला येणाऱ्या एका सुतारानं नकार दिला, तर व्यासपीठावरून त्याला शापित ठरवलं. तेव्हापासून चर्चच्या मंडळीतलं कुणी त्याच्याशी बोलेना, त्याला काम देईना. शिंपीणबाईची गिऱ्हाइकंही मंडळीतलीच, म्हणून ती गप्प राहिली. सासूबाईंना तर नातीसाठी चमत्कार हवा होता.

चर्चमध्ये सासूबाईंच्या हातून पंप टोपलीत पडला, पाकीट दानपेटीत. गीत संपतं न संपतं तोच पोरीची छाती वाजू लागली, ओठ निळे पडले. आईनं टोपलीकडे पाहिलं. ती उठली.

"बसा, बाई," पाळकसाहेब शांतपणे म्हणाले. "सैतान निघतोय. आता उठलात आणि लेकरू गेलं, तर पाप तुमच्या माथी."

ती बसली. हो, बसली. घाबरलेल्या माणसाला नावं ठेवणं सोपं असतं. पण हातात धरलेली पोरीची बोटं सैल पडली, तशी ती धावली आणि तिनं टोपलीच उपडी केली. गोळ्या, बाटल्या, मलमं सगळीकडे घरंगळली. पंप काही सापडेना. सासूबाई गुडघ्यांवर बसून बाकाखाली चाचपत होत्या. त्यांनाच तो सापडला.

पंप तोंडाला लावला, तसा पोरीनं श्वास घेतला.

"बघा, प्रार्थना ऐकली गेली," पाळकसाहेब म्हणाले.

सासूबाई उठल्या. "देव देतो, साहेब. मागता ते तुम्ही."

पोरीला घेऊन दोघी बाहेर पडल्या. उद्या दाराशी कुणी कापड घेऊन येईल की नाही, देव जाणे. शिंपीणबाईनं भीतभीतच विचारलं, आता पुढच्या रविवारी काय करायचं?

"यायचं," सासूबाई म्हणाल्या. "सुताराला घेऊन, पुढच्या बाकावर बसायचं. देवाचं घर आहे, पाळकाच्या बापाचं नाही."

आत औषधं तशीच फरशीवर पडली होती. ज्यांची होती, ते बाकांवर बसून एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. आधी कोण वाकतंय, याची वाट पाहत.