ब्लीचच्या बाटलीत ब्लीच नव्हतं

*ब्लीच. कपड्यांसाठी. पिऊ नये. मूळ बाटलीतच ठेवावं. उन्हात नको.*

हे लेबल लावायची वेळ चंद्रावतीमुळे आली. तिचं ब्लीच कोकमाच्या आगळाच्या रिकाम्या बाटलीत, खिडकीत असायचं. शेजारची सुशीला आगळ समजून ते घेऊन गेली आणि सोलकढी करायला बसली. नारळाचा रस काढून झाला होता. वासामुळे वाचली.

सून वर्षाली कणकवलीच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते, सुटीला घरी येते. तिने नवं ब्लीच हे लेबल लावून न्हाणीघरात सर्वांत वरच्या अंधाऱ्या फळीवर ठेवलं आणि सर्वांना ताकीद दिली. घरात त्याहून सुरक्षित जागा नव्हती.

म्हणून चंद्रावतीच्या नवऱ्याने, दत्तारामाने, तिथे आपली उर्राक ठेवली.

म्हणजे असं: उरलेलं ब्लीच मोरीत, बाटली घासून-घासून धुतली, आणि आत काजूच्या बोंडांची दारू. बाटली पांढरी, आतलं दिसत नाही, आणि डाग पडल्याशिवाय ती कोणी काढत नाही. राहिला वास. पण बायकोचं नाक कोविडात गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू.

दत्ताराम म्हणाला, घाई नाय.

*पिऊ नये.*

शनिवार. घरच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात. सकाळचे गेले, जाताना पांढऱ्या चादरींवर सुरमईचं तिखलं सांडून गेले. संध्याकाळी दुसरे येणार. चंद्रावतीने बादली भरली, फळीवरची बाटली काढली.

एक झाकण.

डाग तसाच.

अजून एक झाकण.

मागच्या दारी झावळ्या विणणाऱ्या दत्तारामाचा हात थांबला.

"अगो, इतक्या कित्याक घालतंस? चादरी फाटतल्या!"

"जोर गेलो तेचो. निसता पाणी झालाहा."

"पाणी?" ते त्याच्या जिव्हारी लागलं. "बरा कडक आसा ता!"

"तुमका काय म्हायत? कधी एक रुमाल तरी धुवलात?"

झाकण. झाकण. आता झाकण नाहीच, सरळ बाटली तिरकी. दत्तारामाने तोंड फिरवलं. बघवेना.

तेवढ्यात वर्षाली आली, कट्टा गावच्या बाजारातून नवं ब्लीच घेऊन.

"आई, जुनं झालं की जोर उतरतो त्याचा. हे ताजं आहे, जपून वापरा." बाटली हातात देऊन, पिशवी घेऊन ती घाईने स्वयंपाकघरात गेली.

चंद्रावतीने जुनी बाटली हलवली. अर्धी होती. टाकवेना. जुन्या आगळात ती नवं आगळ ओतते, जुन्या लोणच्यात नवा खार. तिने नरसाळं आणलं.

"ताजा तेच्यात ओततंय. जुन्याकव जोर येतलो."

आतून वर्षालीचा आवाज: "आई, ब्लीचमध्ये दुसरं काही मिसळू नका हां! विषारी वाफ येते!"

"दुसरा खंय? ब्लीचातच ब्लीच!"

नरसाळं बसलं. नव्या बाटलीचं झाकण उघडलं. चंद्रावती त्यावर वाकली, तोंड अगदी जवळ. तिला कसलाच वास येणार नव्हता. वाफेचाही.

गप्प राहिलं तर...

"ओतू नको! उर्राक आसा ती!"

दत्ताराम ओरडला, झावळी हातातच.

चंद्रावतीने बाटलीकडे पाहिलं. बादलीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

"कधीपासून?"

"शिमग्यापासून."

"माझ्या नाकाचो फायदो घेतलात?"

वर्षाली दारात आली, तिने नुसता श्वास घेतला आणि तिला सगळं समजलं. पदराआड हसली, मग गंभीर झाली. "बाबा, चादरी आधी साध्या पाण्यात धुवायला हव्यात. दारूचा अंश राहिला तर त्यावर ब्लीच घालता येणार नाही. आणि ती बाटली फेका. कितीही धुतली तरी प्यायची बाटली नव्हे ती."

"आयकलात? धुवा," चंद्रावती म्हणाली आणि पायरीवर बसली.

दत्तारामाने धुतल्या. विहिरीवरून पाणी, पुन्हा पाणी. कंबर मोडली. रस्त्यावरून जाणारा जितेंद्र म्हणाला, "दत्तारामा, खंयची भट्टी लावलंस रे? वाडीभर घमघमाट!"

पाहुण्यांची वेळ जवळ येत होती. चंद्रावतीने एक चादर उचलली, सवयीने नाकाशी नेली, मग त्याच्यापुढे धरली.

"वास गेलो काय? तुमीच सांगा. माका कळणा नाय."

दत्तारामाने ओल्या कापडात नाक खुपसलं. "गेलो" एवढंच म्हणायचं होतं. हात सोलवटले होते. तिला कधीच कळलं नसतं.

"नाय," तो म्हणाला. "आसा अजून."

"मगे परत धुवा."