परतीचा अर्धा दिवस

आमचे हे ट्रक चालवतात. त्या लांबच्या शहरात माल पोचवायला त्यांना दोन दिवस लागतात, घरी परतायला मात्र दीडच. रस्ता तोच, गाडी तीच, मग अर्धा दिवस जातो कुठे? माझं तर डोकंच चालेना.

"येताना गाडी रिकामी असते गं," असं सांगून ते माझी समजूत काढायचे.

आज मात्र परतीलाही गाडी पोत्यांनी गच्च भरलेली, तरी दीडच दिवस. मी दारातच अडवलं. "अहो, आता काय सांगाल?"

"जाताना वाटेत झोपतो," ते म्हणाले आणि बुटांसकट पलंगावर आडवे झाले.

"आणि येताना?" मी फणकाऱ्याने विचारलं.

एव्हाना ते घोरत होते.