कवडूची पक्कड

कवडू स्टील प्लांटात तीस वर्षं फिटर होता आणि हिंदी मुलखातल्या रुआबांधा वस्तीत दाताचा डॉक्टर. ही दुसरी पदवी त्याने स्वतःच स्वतःला दिली होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे दोन-चार हलते दात पक्कडीने उपटले आणि गडी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला.

म्हणून बायकोची, पंचफुलाची, दाढ ठणकायला लागली तेव्हा दवाखान्याचं नावच निघालं नाही. "मी हावो नं," म्हणत त्याने पक्कड लावली. कट् आवाज आला. अर्धी दाढ हातात आली, मुळं हाडातच राहिली.

"येतीन वर आपोआप. तोवर गुडाखू लावत जाय, दुखणं मरते," कवडू म्हणाला. गुडाखू म्हणजे तंबाखू-गुळाचा काळा लगदा. इकडच्या बायका सकाळी तो हिरड्यांवर घासतात. लग्नानंतर पंचफुलाला पहिली डबी यानेच आणून दिली होती. आता ती दिवसातून चारदा घासू लागली. दुखणं खरंच मरायचं, तासभर.

दर पौर्णिमेला विहारात वंदना तीच सुरू करायची. तिच्यामागून सगळे. कवडू मागे बसून नुसते ओठ हलवायचा, कारण त्याला धड पाठ नव्हती. ती असताना पाठ करायची गरजच काय, असं त्याला वाटायचं.

पाच महिन्यांनी तिच्या तोंडात घास जाईना, तेव्हा तो तिला नेहरू नगरच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी दाढेचा एक्स-रे काढला. "जड़ अंदर टूटी है. मसूड़ा काटकर, थोड़ी हड्डी घिसकर निकालनी पड़ेगी."

कवडूला हायसं वाटलं. चिरायचं, काढायचं, संपलं. पण बाईंनी बॅटरी लावून गालाच्या आत पाहिलं आणि हातातलं अवजार खाली ठेवलं.

"दाँत किसने तोड़ा?"

कवडू भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचू लागला.

"चना चबाते टूट गया," पंचफुला म्हणाली.

हिरडीचा तुकडा तपासायला गेला. आठ दिवसांनी कळलं, कॅन्सर आहे, अर्धा जबडा काढावा लागेल आणि जिभेचाही भाग. "पहले आते तो?" कवडूने विचारलं. बाई म्हणाल्या, "तब छोटा रहा होगा."

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "खोटं काहून बोलली वो?"

"मी किती दिवसाची? तुमाले राह्याचं हाय वस्तीत," ती म्हणाली. त्यापेक्षा तिने त्याला भर रस्त्यात चपलेने मारलं असतं तर बरं झालं असतं.

ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या पौर्णिमेला ती विहारात आली, पदराने तोंड झाकून. सवयीने सगळे तिच्याकडे बघत थांबले. तिने वळून कवडूकडे पाहिलं. कवडूने हात जोडले, तोंड उघडलं, पण पहिली ओळ काही केल्या आठवेना.

शेवटी मागून कुणीतरी वंदना सुरू केली. पदराआड पंचफुलाचे ओठ हलत होते, नुसते ओठ.